वस्तीचा नकाशा वस्तीच्या हाती

(येलहंका येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत 'लोकनकाशा व स्वयंसेवकांची भरती' हा विषय पाहून दोघातिघांनी मला विचारले, की महागाई, कंत्राटी कामगारांचे वेतन, घरांचे पट्टे असे ज्वलंत प्रश्न समोर असताना हे नकाशाचे खूळ कोठून काढले? प्रश्न रास्त आहे. चळवळीजवळ माणसे थोडी आणि वेळ त्याहून थोडा. तो कोठे खर्च व्हावा याचा हिशेब मागण्याचा प्रत्येक कार्यकर्त्याला अधिकार आहे. तो हिशेब मी आज मांडणार आहे आणि शेवटी तुमच्याकडून माणसे मागणार आहे.

मोजणारा कोण, मोजला जाणारा कोण

आपण ज्या शहरात बसलो आहोत तेथूनच सुरुवात करू. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. पुरती दोन वर्षेही लोटली नव्हती, तोच १८०० साली विल्यम लॅम्बटन नावाचा ब्रिटिश पायदळातील अधिकारी बेंगळुरूच्या परिसरात साखळी अंथरून आधाररेषा मोजू लागला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे त्याने जी मोजणी आरंभली, ती पुढे भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून जगप्रसिद्ध झाली. ही मोजणी वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटनला मृत्यू आला तो १८२३ साली, आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याची कबरही तेथेच आहे. हिंगणघाटच्या कापूस गिरणीतील कामगारांच्या कित्येक पिढ्या त्या गावात नांदल्या. ती कबर कोणाची आणि तो गृहस्थ तेथे काय करीत होता हे त्यांतील किती जणांना कोणी सांगितले असेल?

लॅम्बटनचे काम शास्त्रीय होते, त्यातील काटेकोरपणा आजही थक्क करतो, हे मान्यच केले पाहिजे. शास्त्राशी आपले भांडण नाही. परंतु सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरावर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवणारे, तो रानावनातून वाहून नेणारे, निशाण धरून उभे राहणारे आणि हिवतापाने वाटेतच मरणारे जे खलाशी व मजूर होते, त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाहीत. ज्या शेतांतून साखळी गेली त्या शेतकऱ्यांना तो नकाशा पाहायला मिळाला नाही, ही तर वेगळी सांगण्याची गोष्टच नव्हे. नकाशा सत्तेचा होता. लोक त्यात मोजले गेले, मोजणारे झाले नाहीत.

महाराष्ट्रात याच गोष्टीचा दुसरा अंक घडला. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची व आकारणीची जी पद्धत बसवली, तिने मुंबई इलाख्यातील रयतवारीला पक्के रूप दिले. आपण आजही ज्याला गावनकाशा, सर्व्हे नंबर म्हणतो त्याचे मूळ तेथे आहे. तीस वर्षांनी फेरआकारणीत सारा वाढला, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला आणि १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. खतपत्र सावकाराच्या घरात होते, म्हणून ते हाती लागले. सारा ज्याच्या आधारे बसला तो मोजणीचा कागद मात्र कचेरीत सुरक्षित राहिला.

स्वातंत्र्यानंतर तरी हे चित्र बदलावयास हवे होते. भारतीय सर्वेक्षण विभाग ही १७६७ सालची संस्था. तिचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ दुर्मिळ राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे आणि संरक्षणाचे नकाशे वेगळे केले, तरी परवानग्यांचे जंजाळ सुटले नाही. २०१६ मध्ये तर एका विधेयकाचा मसुदा असा आला, की परवान्याशिवाय भौगोलिक माहिती गोळा करणाऱ्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड व्हावा! देशभर टीका झाली आणि ते मागे पडले. अखेर १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय नागरिकाला व संस्थेला नकाशा काढण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. हे दार बड्या कंपन्यांसाठी उघडले गेले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण दार उघडले आहे, आणि त्यातून आत जाण्यास कामगारालाही कोणी मज्जाव केलेला नाही.

फुकटच्या श्रमाचा प्रश्न

आज नकाशा कचेरीच्या कपाटातून निघून प्रत्येकाच्या खिशात आला आहे. म्हणून तो लोकांचा झाला काय?

गुगल कंपनीने २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाची योजना सुरू केली. तिच्या उभारणीत आपल्याकडील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. ज्या देशांचे तयार नकाशे कंपनीला मिळत नव्हते, तेथील लोकांनी आपापल्या गावातील रस्ते, दवाखाने, शाळा स्वतः भराव्यात, असे आवाहन होते. भारतातील तरुणांनी हे काम उत्साहाने केले. गावाविषयीचे प्रेम त्यामागे होते; त्या प्रेमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये कंपनीने त्यासाठी बक्षिसांची स्पर्धाही घेतली, आणि सर्वेक्षण विभागाने तिच्याविरुद्ध पोलिसांकडे तक्रार केली. ३१ मार्च २०१७ रोजी ही योजना बंद झाली. लोकांनी भरलेली माहिती कंपनीच्या नकाशात सामावून गेली. तिचा वापर कोणी, कोणत्या अटीवर करावा हे ठरवण्याचा अधिकार भरणाऱ्यांना कधीच नव्हता. ज्याने आपल्या गल्लीचे नाव लिहिले, त्याला स्वतःच्या तालुक्याची एकत्रित माहिती परत हवी असेल तर ती कंपनीच्या मर्जीवर.

आपल्याकडे गायरान ही कल्पना शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावी लागत नाही. गायरान कोणा एकाचे नसते आणि म्हणूनच सर्वांचे असते. सर्वांनी मिळून राखायचे आणि मग एके दिवशी त्याला कुंपण पडायचे, हा अनुभवही आपल्याला नवा नाही. मॅप मेकरमध्ये उलटे घडले: कुंपण आधीच घातलेले होते, आत राबायला लोकांना नंतर बोलावले.

याला पर्याय म्हणून ज्या कामासाठी मी आज उभा आहे त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. ब्रिटनमधील सरकारी नकाशे जनतेच्या पैशाने तयार होऊनही जनतेला विकत घ्यावे लागत, या विसंगतीतून २००४ साली स्टीव्ह कोस्ट या तरुणाने हे काम सुरू केले. आज जगभरातील एक कोटीहून अधिक लोकांनी त्यात सदस्य म्हणून नोंद केली आहे. अर्थात नोंद करणारे पुष्कळ आणि नियमित काम करणारे त्या मानाने थोडे, हा सर्वच संघटनांचा अनुभव येथेही आहे. कोणीही नोंद करावी, आपल्याला प्रत्यक्ष ठाऊक असलेली वाट, विहीर, शाळा त्यात भरावी, दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. कोणी कधी काय बदलले याची नोंद सर्वांना दिसते. आणि महत्त्वाचे असे, की संपूर्ण जगाची ही माहिती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

येथे एका कॉम्रेडने कालच घेतलेला आक्षेप मला पुढे आणला पाहिजे. हा नकाशा बड्या कंपन्याही वापरतात, मग आपण त्यांच्यासाठी फुकट वेठबिगारी का करावी? आक्षेप खोटा नाही. ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्यांनी या नकाशावर पगारी माणसे बसवली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये यांपैकीच काहींनी टॉमटॉमला बरोबर घेऊन 'ओव्हर्चर' नावाची स्वतंत्र संस्थाही उभारली. परंतु परवान्याकडे पाहा. २०१२ पासून लागू असलेल्या परवान्यानुसार ही माहिती कोणीही वापरावी, मात्र श्रेय दिले पाहिजे. आणि माहितीत भर घालून ती जाहीरपणे वापरली तर ती भरही त्याच अटीवर सर्वांना खुली केली पाहिजे. कंपनीला गायरानात गुरे चारता येतात, कुंपण घालता येत नाही. एवढ्याने भांडवलशाही कोसळत नाही, आणि तसा दावा कोणी करीत असेल तर तो भाबडेपणा होय. पण श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याच्या हातून कायमचे जाणार नाही याची हमी अशा कामात क्वचितच मिळते. येथे ती मिळते.

मला खरा धोका वेगळाच वाटतो. कंपनीची पगारी माणसे कोणते रस्ते भरतील? ज्या रस्त्याने माल घरपोच द्यायचा आहे ते. सार्वजनिक नळ कोठे आहे, संडासाला कुलूप आहे की तो उघडा आहे, अंगणवाडी कोणत्या खोलीत भरते, हे भरण्यासाठी कोणतीही कंपनी पगार देणार नाही. आणि स्वयंसेवक? त्यांत बहुसंख्य पुरुष, शिकलेले, शहरी, घरी संगणक असलेले. याचा परिणाम कसा होतो पाहा. २०११ मध्ये या नकाशात पाळणाघरासाठी स्वतंत्र खूण असावी असा प्रस्ताव आला, तो स्वयंसेवकांच्या मतदानात संमत झाला नाही. मद्यगृहांसाठी, रात्रीच्या करमणुकीच्या ठिकाणांसाठी मात्र नाना प्रकारच्या खुणा तेव्हा उपलब्ध होत्या! पुढे ती खूण वापरात आली हा भाग वेगळा. यात दुष्टावा नव्हता. मूल कडेवर घेऊन कामाला जाणारी बाई त्या मतदानात नव्हती, इतकेच. नकाशा खुला असणे वेगळे आणि तो आपला असणे वेगळे. मधले अंतर कार्यकर्त्यांच्या भरतीनेच भरून निघेल.

येलहंक्याचे दोन चेहरे

आता आपल्या पायाखालच्या गावाकडे या. बेंगळुरू शहर १५३७ साली वसवणारा केंपेगौडा हा येलहंका नाडाचा प्रभू. म्हणजे हे गाव शहराच्या आधीचे. २००७ मध्ये येलहंक्याची स्वतंत्र नगरपालिका बृहत् बेंगळुरू महापालिकेत विलीन झाली. २०२५ मध्ये नव्या कायद्याने ती महापालिकाही मोडीत निघून तिच्या जागी पाच महापालिका आल्या. एका पिढीने आपल्या गटाराची तक्रार तीन वेगवेगळ्या कारभारांकडे नेली आहे. प्रत्येक वेळी वॉर्डाच्या हद्दी बदलल्या, गटार होते तेथेच राहिले.

या परिसरात वायुदलाचा तळ आहे, १९८४ साली सुरू झालेला रेल्वेचा चाक व धुरा कारखाना आहे, वीजकेंद्र आहे, डेअरी आहे, गृहनिर्माण मंडळाची न्यू टाउन वसाहत आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाल्यापासून जमिनीचे भाव चढले आणि बळ्ळारी रस्त्यावर उन्नत मार्ग आला. त्या मार्गावरून विमानतळाला जाणाऱ्या प्रवाशाला येलहंका कसे दिसते? काचेच्या इमारती, जाहिरातींचे फलक, दूरवर तळ्याचे पाणी. एंगल्सने १८४५ मध्ये मँचेस्टरविषयी लिहिताना हेच टिपले होते: हमरस्त्यांच्या दुकानांची रांग अशी, की श्रीमंताने रोज ये-जा करावी आणि मागची कामगार वस्ती त्याच्या नजरेलाही पडू नये. एंगल्स नुसते वर्णन करून थांबला नाही. वस्तीच्या बोळांत हिंडून त्याने घरांच्या दाटीचे छोटे आराखडे काढले आणि ते पुस्तकात छापले. आपण आज जे करू म्हणतो ते काही अगदीच अपूर्व नव्हे.

न दिसण्याची किंमत पाऊस वसूल करतो. बेंगळुरू हे तळ्यांचे शहर. एका तळ्याचे पाणी भरले की राजकालुवे म्हणजे मोठ्या नाल्यांतून पुढच्या तळ्यात उतरावे, अशी जुनी रचना. नाले बुजले, वळवले गेले, त्यांवर बांधकामे झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये येलहंका तळे ओसंडून केंद्रीय विहार ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत पाण्यात गेली आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच पुन्हा घडले. त्या रहिवाशांचे हाल खरे होते, यात शंका नाही. पण त्या वसाहतीला नाव आहे, फाटक आहे, पत्ता आहे. बोट कोठे न्यायची हे सांगता येते. नाल्याच्या काठावरील पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांधकाम मजुराने मदतीसाठी फोन केला तर तो पत्ता काय सांगेल? 'अमुक गोदामाच्या मागे, तमुक कॉन्ट्रॅक्टरची लाइन.' गोदाम तरी नकाशावर असते, लाइन नसते.

उपग्रहाच्या छायाचित्रावरून घरांची रूपरेषा काढता येते, हे खरे. पण उपग्रहाला छप्पर दिसते. छपराखाली रेशन दुकान आहे की भंगाराचे गोदाम हे त्याला कळत नाही. सिमेंटच्या लाद्यांनी झाकलेला नाला तर वरून रस्त्यासारखाच दिसतो. ते पायी चालणाऱ्याला कळते, आणि त्याहून अधिक तेथे रोज राबणाऱ्याला.

माणसे कोठून आणायची

हे काम होऊ शकते याचे दाखले आहेत. १९९१ मध्ये, केरळ संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला त्याच सुमारास, केरळ शास्त्र साहित्य परिषदेने तिरुवनंतपुरमच्या भूविज्ञान अभ्यास केंद्राच्या साहाय्याने पंचायतींचे साधनसंपत्ती नकाशे काढण्याची मोहीम घेतली. कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी ही त्यातील सर्वांत गाजलेली पंचायत. साक्षरतेच्या कामात तयार झालेले स्वयंसेवक सर्व्हे नंबरांचा नकाशा हातात घेऊन शेत न् शेत फिरले. जमीन कशासाठी वापरात आहे, पाणी कोठे आहे, याच्या खुणा त्यांनी केल्या आणि शास्त्रज्ञांनी त्यांना भूगर्भाची माहिती जोडून दिली. संगणक त्यांच्या हाती नव्हता. १९९६ मध्ये केरळात लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली तेव्हा हा अनुभव तिच्या पाठीशी होता. आधी नकाशा, मग त्यावरून ग्रामसभेत चर्चा, मग मागणी: हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पुष्कळदा मागणी आधी ठरते आणि तपशील नंतर शोधला जातो.

दुसरा दाखला नैरोबीच्या किबेरा वस्तीचा. आफ्रिकेतील मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी ही एक. पण २००९ पर्यंत नकाशांवर तेथे जवळजवळ कोरी जागा होती. त्या वर्षी वस्तीतील तरुण-तरुणींनी हातात यंत्र घेऊन ओपनस्ट्रीटमॅपवर आपली वस्ती भरली: पाण्याची ठिकाणे, संडास, दवाखाने, शाळा. शहराला तोवर न दिसलेल्या त्या वस्तीने आपला तपशील स्वतःच जगापुढे ठेवला.

आणि हा प्रश्न केवळ शहराचा आहे असे समजू नका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या किसान मोर्चातील आदिवासींची एक मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. कसतो एवढी आणि मोजणीच्या कागदावर भरली त्याहून कमी, ही तक्रार त्यांच्यापैकी अनेकांची होती. कागदावरील आकृती चुकली तर जमीन हातची जाते.

तेव्हा स्वयंसेवक कोण? मला सांगायला संकोच वाटत नाही, की संगणक अभियंता हा या कामातील दुसऱ्या क्रमांकाचा माणूस आहे. बेंगळुरूत अभियंत्यांची वाण नाही. २०१८ मध्ये याच नकाशाचे आशियाई संमेलन येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत भरले होते. वाण आहे ती वाट माहीत असणाऱ्यांची, म्हणजेच पहाटे रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिक भगिनी, घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या, रिक्षाचालक, घरपोच माल देणारी पोरे, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा वॉटरमन, पोस्टमन यांची. यांच्या डोक्यात येलहंक्याचा जो नकाशा आहे तो कोणत्याही सर्व्हरमध्ये नाही. घरपोच माल देणाऱ्या पोरांच्या फोनवरून तर तो नकाशा रोज कंपनीकडे जातच असतो, मजुरीशिवाय आणि त्यांच्या नकळत.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक तुकडी दोघांची असावी: एक वाट जाणणारा, एक यंत्र जाणणारा. वाट जाणणाऱ्याने पुढे चालावे. यंत्र शिकता येते, याविषयी शंका असेल तर बेंगळुरूतच गुरप्पनपाळ्याच्या झोपडपट्टीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी उभारलेल्या आंबेडकर कम्युनिटी कॉम्प्युटिंग सेंटरची आठवण करा. कधी संगणक न पाहिलेली मुले तेथे चित्रे काढू लागली. नकाशाचे काम त्याहून कठीण नाही. फोनवर 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचे साधन आहे. ते उभ्या असलेल्या जागेविषयी लहान लहान प्रश्न विचारते: या रस्त्यावर दिवे आहेत का, पदपथ आहे का, या बसथांब्याला छप्पर आहे का? उत्तर दिले की ते नकाशात जाते. ज्याला फोनही नको वाटतो त्याला छापील कागद आणि पेन्सिल द्यावी, संध्याकाळी दुसऱ्याने ते संगणकावर चढवावे. मला स्वतःला कागद अधिक पसंत आहे. कागद घेऊन उभे राहिले की चार माणसे भोवती जमतात, आणि चौकशीतून संघटनेची ओळख होते.

भरती करताना 'संगणकाचे काम शिका, नोकरी मिळेल' असे आमिष कोणी दाखवू नये. ते खरे नाही आणि अशी माणसे टिकत नाहीत. सरळ विचारावे: 'बाई, रात्री आजारी पडलात तर रुग्णवाहिका तुमच्या दारापर्यंत येते का? चालकाला काय सांगता?' जिला या प्रश्नाचे उत्तर देताना राग येतो ती आपली स्वयंसेविका.

काही बंधने

उत्साहाच्या भरात चुका होतील, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. कंपनीच्या नकाशावरून नावे किंवा रेषा उतरवायच्या नाहीत; तो कायद्याचा भंग आहे आणि असे काम सापडले की पुसले जाते. आपण पाहिले, विचारले, चाललो, तेवढेच लिहायचे. दुसरे, माणसांची नावे, कोणत्या घरात कोण राहतो, जात, धर्म, फोन यांपैकी काहीही नकाशात जाता कामा नये. आपण जागा मोजतो, माणसे नव्हे. तिसरे, वायुदलाच्या कुंपणाच्या आत आपले काही काम नाही. तेथे फोटो काढण्याचे धाडस कोणी करू नये.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे आणि तिच्यावर मी जरा थांबतो. डिसेंबर २०२५ मध्ये याच येलहंक्यातील कोगिलू भागात बुलडोझर आले आणि गरिबांची अनेक घरे पाडली गेली. असुरक्षित जागेवर राहणारा माणूस नकाशाला भितो, आणि त्याची भीती अडाणीपणाची नसते. मोजणीदार आला की पाठोपाठ नोटीस येते, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. नकाशावर नोंद असती तर घरे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. नकाशा बुलडोझर अडवत नाही. येथे किती घरे होती, नळ कोठे होता, शाळा किती पावलांवर होती, हे पुढे नाकारणे मात्र त्याने अवघड होते. तरीही निर्णय वस्तीचा. वस्तीची बैठक घ्या, काय लिहिणार ते दाखवा, होकार मिळाला तरच भरा. नकार मिळाला तर कागद वस्तीपाशीच ठेवून परत या. एखाद्या वस्तीने आपला नकाशा काढून तो आपल्याच पेटीत ठेवला, तरी माझ्या मते काम फुकट गेले नाही.

भाषेचा प्रश्नही निघेल. आपण मराठी बोलणारे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात मराठी माणसे आहेत. परंतु येथील मातीची भाषा कन्नड आहे. या नकाशात प्रत्येक जागेला मुख्य नावाबरोबर वेगवेगळ्या भाषांतील नावे जोडण्याची सोय आहे. फलकावर जे कन्नड नाव आहे ते कन्नड लिपीत, शेजाऱ्याकडून तपासून, आधी भरा. मराठी नाव मराठीच्या रकान्यात जोडा. बेळगाव की बेळगावी यावर ज्यांनी आयुष्य घालवले त्यांना हे फारच साधे वाटेल. मला हा साधेपणा आवडतो: एका नोंदीत दोन्ही नावे शेजारी शेजारी राहतात, आणि एक लिहिण्यासाठी दुसरे खोडावे लागत नाही.

हे सरकारचे काम नव्हे काय, असेही एकाने विचारले. निश्चितच आहे. आपण नकाशा काढला म्हणून महापालिका जबाबदारीतून सुटत नाही. उलट, आपल्याकडे नाल्याची प्रत्यक्ष वाट, त्यावरील अडथळे आणि तारीख असेल, तर माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून तिचा आराखडा मागवून दोन्ही कागद समोरासमोर ठेवता येतील. कोठे नाला कागदावर वीस फूट आणि जमिनीवर सहा फूट निघाला, तर मोर्चाचा मुद्दा आपोआप हाती येईल.

आता व्यवस्थेचे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता येलहंका रेल्वे स्थानकाबाहेर जमायचे आहे. तेथून जुन्या गावातून तळ्याच्या बांधापर्यंत पहिली फेरी. ऊन चढण्याआधी, दहापर्यंत ती संपेल. बांधापासून नाला कोठे जातो हे त्याच दिवशी चालून पाहायचे. छापील कागद आणि पेन्सिली आम्ही आणू, पाण्याची बाटली प्रत्येकाने आपली आणावी. स्त्रियांची तुकडी वेगळी असेल आणि रस्त्यावरील दिवे, संडास व बसथांबे यांची नोंद ती करील. कोणत्या वाटेने जायचे ते तीच ठरवील. दाराशी वही ठेवली आहे. आज निदान वीस नावे हवीत, आणि त्यांतील निम्म्यांनी आपल्याबरोबर चाळीतला, कारखान्यातला किंवा रिक्षा थांब्यावरचा असा एक माणूस आणावा, जो यापूर्वी आपल्या कोणत्याही बैठकीला आलेला नाही.